कुएंका ते तेरुएल सायकलवरून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा रस्ता मी दोनदा केला. पहिल्यांदा मे महिन्यात मैत्रिणीबरोबर, दुसऱ्यांदा सप्टेंबरच्या शेवटी एकटीने. तेव्हापासून सायकलच्या ग्रुपवर, फोनवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच तेच प्रश्न आले. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

हा भाग नक्की कुठे आहे?

स्पेनमध्ये, माद्रिद आणि वालेन्सिया यांच्या मधल्या डोंगरांत. कुएंका शहर सोडलं की चुनखडीच्या कड्यांचा प्रदेश सुरू होतो, त्याला सेरानिया दे कुएंका म्हणतात. तो ओलांडला की आरागॉनमधली आल्बाराथीनची डोंगररांग लागते आणि तिथून उतरलं की तेरुएल. मधल्या उंच भागाला मोन्तेस युनिव्हर्सालेस असं भारदस्त नाव आहे. नद्यांच्या दृष्टीने पाहिलं तर ते शोभतंही. ताहो इथे उगम पावते आणि हजारभर किलोमीटर पश्चिमेला जाऊन लिस्बनला अटलांटिकला मिळते. हूकार आणि ग्वादालाबियार इथूनच निघतात, पण पूर्वेला भूमध्य समुद्राकडे जातात. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून गोदावरी एकीकडे आणि वैतरणा दुसरीकडे जाते, तसाच हा प्रकार.

नावं वाचताना एक लक्षात ठेवा. या भागात काही ठिकाणी 'स' लिहावासा वाटला तरी उच्चार 'थ' होतो. 'आल्बारासीन' म्हटलं तरी लोकांना कळतं, पण ते स्वतः 'आल्बाराथीन' म्हणतात.

किती किलोमीटर, किती दिवस?

सरळ गेलात तर दीडशे-एकशे साठ किलोमीटर. वाकड्या वाटा धरल्या तर पावणेदोनशेच्या पुढे. तंदुरुस्त माणूस तीन दिवसांत करेल, पण मी पाच सांगते. तीन दिवसांत करायचं असेल तर विमानाचं तिकीट काढून एवढ्या लांब कशाला जायचं?

कुएंकाहून हूकारच्या घळीतून वर निघायचं. विसेक किलोमीटरवर बियाल्बा दे ला सिएरा हे गाव, आणि पुढे चढावर 'बेन्तानो देल दियाब्लो', म्हणजे सैतानाची खिडकी. कड्यातल्या भोकांतून खाली हूकारचं हिरवं पाणी दिसतं. तिथून ऊन्या हे तळ्याकाठचं गाव. पहिला मुक्काम इथे करा. 'थ्यूदाद एन्कान्तादा', म्हणजे मंतरलेलं शहर, इथून फार लांब नाही. तिथले दगड वर रुंद आणि खाली अरुंद, आळंबीसारखे आहेत, कारण खालचा थर वरच्यापेक्षा लवकर झिजतो. जागा खासगी आहे, तिकीट लागतं. मी एकदा पाहिलं. दुसऱ्या वेळी तोच वेळ तळ्याकाठी बसून काढला आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्रागाथेते. तिसरा दिवस मोठा: सोळाशे मीटरच्या आसपासची खिंड ओलांडायची, ताहोचा उगम पाहायचा आणि फ्रीआस दे आल्बाराथीनला उतरायचं. उगम १,५९३ मीटरवर आहे. तिथे ताहोला दाढीवाल्या माणसाच्या रूपात उभं केलेलं भलंमोठं शिल्प आहे आणि त्यासमोर पाणी मात्र इतकं थोडं, की मैत्रीण म्हणाली, "आमच्या सोसायटीची टाकी याहून जास्त गळते." चौथ्या दिवशी रोयुएलावरून आल्बाराथीन. पाचवा दिवस तिथेच घालवा, नाहीतर उरलेले अडतीस किलोमीटर बहुतांश उताराने तेरुएलला जा.

आठवडा हाताशी असेल तर उत्तरेला वळा. ओरेआ, चेका, पेरालेहोस दे लास त्रुचास असं करत आल्तो ताहोच्या घळींत शिरता येतं. तो भाग २००० सालापासून संरक्षित नैसर्गिक उद्यान आहे. पूर्वी इथले गान्चेरो तोडलेले ओंडके नदीत सोडायचे आणि हातात आकडे लावलेल्या काठ्या घेऊन, त्यांच्यावर तोल सांभाळत, कित्येक आठवडे त्यांना खाली हाकत न्यायचे.

चढ फार आहेत का? आम्ही सिंहगड करतो.

मग पायांचा प्रश्न नाही. कुएंका साडेनऊशे मीटरच्या आसपास, खिंड सोळाशे, आल्बाराथीन १,१७० आणि तेरुएल परत नऊशेच्या वर. चढ लांबलचक आहेत, पण सिंहगडाच्या वळणांसारखे अंगावर येत नाहीत. उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगते: वाटेपासून थोडं बाजूला ग्रिएगोस नावाचं गाव आहे, सोळाशे मीटरवर. आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा जेमतेम चाळीस-पन्नास मीटर खाली, आणि तिथे लोक बारा महिने राहतात.

या भागात घाट दमवत नाहीत, बंद दारं दमवतात.

बंद दारं म्हणजे?

खरं तर हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण विचारायला हवा तो हाच.

तेरुएल प्रांतात एका चौरस किलोमीटरला साधारण नऊ माणसं राहतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ३६५ होता. स्पेनमध्ये या पट्ट्याला 'रिकामा केलेला स्पेन' म्हणतात. नुसता रिकामा नाही, *केलेला*. त्या शब्दात तक्रार आहे. 'तेरुएल आहे!' या साध्या घोषणेवर १९९९ मध्ये इथे लोकचळवळ उभी राहिली आणि २०१९ मध्ये तिचा माणूस माद्रिदच्या संसदेत निवडून गेला. आम्ही आहोत, हे सांगण्यासाठी निवडणूक लढवावी लागली.

सायकलवाल्यासाठी याचा अर्थ असा. नकाशावर गाव दिसतं, त्यात चर्च आहे, चौक आहे, पण दुकान असेलच असं नाही. असलं तर सकाळी उघडतं, दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतं, पाचनंतर परत उघडतं. रविवारी बहुधा उघडतच नाही. बार एकच असतो आणि त्याचीही आठवड्याची सुट्टी असते, जी कुठेच लिहिलेली नसते. काही गावांत पाववाला गाडी घेऊन येतो, चौकात हॉर्न वाजवतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. ती दहा मिनिटं गाठलीत तर जेवण, नाहीतर बॅगेत असेल ते.

पहिल्या खेपेला एका रविवारी सव्वातीनला आम्ही एका गावात पोहोचलो. दोघींत मिळून अर्धी बाटली पाणी, मूठभर बदाम आणि पुण्याहून आणलेल्या चिवड्याचं तळाशी उरलेलं मीठ. रस्त्यावर कुत्रंही नाही. सगळ्या खिडक्यांवर झडपा ओढलेल्या. अर्ध्या तासाने एक झडप वीतभर वर गेली, एका आजीने आमच्याकडे पाहिलं, काही न बोलता बोटाने चर्चच्या मागे खूण केली आणि झडप परत खाली. चर्चमागे कारंजं होतं, थंडगार पाण्याचं. संध्याकाळी बार उघडला तेव्हा तीच आजी काउंटरमागे उभी होती.

तेव्हापासून माझा नियम: रोजचा टप्पा किलोमीटरने ठरवायचा नाही, दोनच्या आधी कुठे पोहोचणार यावर ठरवायचा. एक जेवण कायम बॅगेत. आणि जिथे मुक्काम, तिथे आदल्या दिवशी फोन. ग्रामीण निवासाला 'कासा रुराल' म्हणतात. तिथे स्वागतकक्ष वगैरे भानगड नसते, किल्ली शेजाऱ्यांकडे असते.

रोख पैसे ठेवा. एटीएम फक्त मोठ्या गावांत सापडतं.

पाणी कुठे मिळतं?

जवळजवळ प्रत्येक गावात कारंजं आहे. त्यावरची पाटी वाचा. 'आग्वा पोताब्ले' म्हणजे पिण्यायोग्य, 'नो पोताब्ले' म्हणजे नाही. तिसरी पाटी 'नो त्रातादा', म्हणजे पाणी शुद्ध केलेलं नाही. गावकरी ते बिनधास्त पितात, मी गाळणीची बाटली वापरते. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर क्षमता हवी.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

उपाशी मरत नाही, पण तेच तेच खातो. बटाट्याची जाड तोर्तीया, हे अंडी चालणाऱ्यांसाठी. पिस्तो, म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनी यांची मंद शिजवलेली भाजी. वर अंडं फोडून देतात, नको असेल तर आधीच सांगा. टोमॅटो चोळलेला पाव. सॅलड मागवलंत तर त्यात ट्यूना येतो, कारण तिथे 'मांस नको' म्हणजे मासे चालतात असाच अर्थ घेतात. म्हणून 'नी कार्ने, नी हामोन, नी आतून' (मांस नको, हॅम नको, ट्यूना नको) असं एकेकाचं नाव घेऊन सांगा. हॅमचं तर विशेष. तेरुएलचा हामोन हा प्रांताचा अभिमान आहे आणि तो ते मीठ घातल्यासारखा कशातही घालतात. इथलं मेंढीच्या दुधाचं चीज सुरेख असतं, पण बहुधा ते प्राणिजन्य विरजणाने लावलेलं असतं. कडक शाकाहारी असाल तर विचार करा.

दुपारचं जेवण 'मेनू देल दिया' म्हणून मागा. दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं ठरलेल्या किमतीत. रात्रीचं जेवण नऊच्या आधी मागितलंत तर आजारी आहात का अशा नजरेने बघतील. कुएंकाचं आलाहू मात्र जरूर खा: मध, बदाम आणि पावाचा चुरा, दोन पातळ पापड्यांमध्ये दाबलेला. नावापासून चवीपर्यंत अरबांचा वारसा आहे आणि सायकलच्या खिशात चार दिवस टिकतं.

एक गोष्ट खास विदर्भातल्या वाचकांसाठी. ला मान्चा आणि कुएंकाकडे 'गाचास' नावाचं दाट पिठलं करतात. ते आल्मोर्ताच्या पिठाचं असतं, आणि आल्मोर्ता म्हणजे आपली लाखोळी! गरिबांचं अन्न म्हणून तिथेही तिची तीच ओळख, आणि दुष्काळात तेवढंच खाऊन पाय लुळे पडल्याच्या त्याच आठवणी. यादवी युद्धानंतरच्या उपासमारीत स्पेनमध्ये असे रुग्ण खूप झाले, पुढे विक्रीवर बंदीही आली. आता अधूनमधून खायला हरकत मानत नाहीत. बहुतेक ठिकाणी त्यात डुकराची चरबी असते, त्यामुळे मी फक्त वास घेतला. वास पिठल्याचाच.

स्पॅनिश यायलाच हवी का?

इंग्रजीवर कुएंका आणि आल्बाराथीन निभतं, मधल्या गावांत नाही. शंभरेक शब्द पाठ करा. त्यातले काही तुम्हाला न शिकता येतात, कारण पोर्तुगीजांनी आपल्याला तेच शब्द किंवा त्यांचे सख्खे भाऊ देऊन ठेवले आहेत. मेज म्हणजे मेसा, बटाटा म्हणजे पाताता, साबण म्हणजे हाबोन. आणि पाव म्हणजे पान. 'आहे का?' याला 'आय' म्हणतात. त्यामुळे पाव आहे का, हे विचारायचं तर 'आय, पान?' मैत्रीण पहिल्यांदा हे वाक्य बोलली तेव्हा तिला स्वतःलाच इतकं हसू आलं, की दुकानदारीणबाई आम्हाला फुकट पाव द्यायला निघाली.

'आ के ओरा आब्रे?' म्हणजे किती वाजता उघडतं? या प्रवासातलं सगळ्यात उपयोगी वाक्य.

आल्बाराथीन खरंच एवढं सुंदर आहे, की फोटोतच?

आहे. मला पर्यटनस्थळांचा थोडा कंटाळा आहे, तरी सांगते.

ग्वादालाबियार नदी इथे एका खडकाला जवळपास पूर्ण वळसा घालते आणि गाव त्या खडकावर बसलं आहे. घरं गुलाबी-तांबडी, कारण गिलावा इथल्याच लाल जिप्समचा. रस्ते इतके अरुंद, की वरच्या मजल्यांचे लाकडी सज्जे समोरासमोर टेकायला येतात. मागे डोंगरावर तटबंदी चढत जाते. खाली गाव बघावं तर त्याला तटाचा काय उपयोग असं वाटतं, पण इतिहास वाचला की कळतं. बनू रझीन या बर्बर, म्हणजे मूळच्या उत्तर आफ्रिकेतल्या, मुस्लिम घराण्याचं इथे छोटं राज्य होतं, गावाचं नावही त्यांच्यावरून आलं. नंतर ख्रिस्ती सरदारांनीही ते कास्तील आणि आरागॉन या दोन्ही राजांच्या मध्ये स्वतंत्र ठेवलं. १२८४ मध्ये आरागॉनच्या तिसऱ्या पेद्रोने वेढा घालून घेतलं तेव्हा ते संपलं. डोंगरी किल्ल्याच्या जोरावर दोन बलाढ्यांना खेळवत राहणं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तटावर संध्याकाळी जा. दुपारी बस भरून लोक येतात, सहानंतर गाव परत गावाचं होतं. सायकल खाली नदीकाठी ठेवा. गोट्यांच्या चढावर सामानासकट ढकलण्यात शौर्य नाही.

गावाबाहेर रोदेनोचं जंगल आहे, लाल वालुकाश्म आणि पाइन. तिथल्या खडकांवर प्रागैतिहासिक चित्रं आहेत, बैल आणि धनुर्धारी. १९९८ मध्ये ती भूमध्य किनारपट्टीच्या शैलचित्रांबरोबर जागतिक वारशात गेली. तेरुएलकडे जाताना खेआ गावाजवळ रोमनांनी डोंगरात खोदलेल्या कालव्याचे बोगदे लागतात. पहिल्या शतकात ग्वादालाबियारचं पाणी पंचवीसेक किलोमीटर लांब थेया गावाला नेण्यासाठी हा उद्योग केला होता. सायकल टेकवून आत चालत जाता येतं. मला गावाइतकेच हे बोगदे आवडले, आणि तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आणि कुएंका?

एक पूर्ण दिवस द्या. जुनं शहर हूकार आणि उएकार या दोन घळींच्या मधल्या अरुंद कण्यावर आहे, १९९६ पासून जागतिक वारसा. घळीवर लोंबणारी 'कासास कोल्गादास' ही घरं सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या आत १९६६ पासून अमूर्त चित्रकलेचं संग्रहालय आहे, हे कमी जणांना. ते उभारणारा फेर्नान्दो सोबेल हा चित्रकार जन्माने मनिलाचा. शहराच्या वेगवान रेल्वेच्या स्थानकाला त्याचं नाव दिलं आहे. समोरच्या लोखंडी पुलावरून (१९०२चा) फोटो सगळे काढतात, पण उंचीची भीती असेल तर फळ्यांच्या फटींतून खाली बघू नका.

कोणत्या महिन्यात जावं?

मे-जून किंवा सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, दुपारी गडगडाटी वादळं आणि वणव्याची भीती. त्या काळात स्टोव्ह पेटवण्यावरही निर्बंध असतात. हिवाळ्यात जाऊ नका. तेरुएल, मोलीना दे आरागॉन आणि कालामोचा यांना स्पेनमध्ये थंडीचा त्रिकोण म्हणतात. कालामोचात डिसेंबर १९६३ मध्ये उणे ३० अंश नोंदलं गेलं. मे महिन्यातही ऊन्याला सकाळी माझ्या सीटवर दव गोठलेलं होतं, तेव्हा हातमोजे पूर्ण बोटांचे.

कुत्र्यांचा त्रास होतो का?

गावात नाही, कळपाजवळ होऊ शकतो. मेंढ्यांबरोबर मास्तीन नावाचे थोराड राखणदार कुत्रे असतात. तुम्ही लांडगा नाही हे त्यांना पटेपर्यंत ते भुंकतात. पॅडल मारून पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, मेंढपाळाला हाक द्या, कळपाला लांबून वळसा घालून चाला.

त्या मेंढपाळांशी बोलायला मिळालं तर सोडू नका. ग्वादालाबियार गावातली काही कुटुंबं आजही नोव्हेंबरमध्ये कळप घेऊन दक्षिणेला आन्दालुसियाकडे उतरतात आणि जूनमध्ये परततात. त्यांच्यासाठी राखलेल्या वाटांना कान्यादा म्हणतात. मुख्य वाटा पंचाहत्तर मीटर रुंद आणि कायद्याने संरक्षित. पावसाळा संपल्यावर कोकणात उतरणारे आपले धनगर मला त्या वेळी आठवले. त्यांच्या वाटेचा मीटरसुद्धा कुणी राखलेला नाही.

सायकल कोणती? पंक्चर होतात का?

डांबरी रस्त्यांवर राहणार असाल तर ३२ मिमी टायरची कुठलीही धड सायकल. जंगलरस्ते घेणार असाल तर ४० मिमीच्या वर. पाऊस पडल्यावर मातीच्या वाटा टाळा; लाल चिकणमाती चाकात आणि मडगार्डात अशी बसते की चाक फिरतच नाही. मडगार्ड काढून हातात घेऊन दोन तास चाललेली आहे, म्हणून सांगते. खालच्या शेतवाटांच्या कडेला आपले सराटे आहेत, तेच काटे. तिथे त्यांना आब्रोहो म्हणतात.

सायकलचं दुकान कुएंकात किंवा तेरुएलमध्ये. मध्ये नाही. ब्रेक पॅड, साखळीचा जोड, एक जादा डिरेलर हँगर (मागची गिअर-यंत्रणा अडकवायचा तुकडा) जवळ हवाच.

वाहतुकीचे नियम?

उजवीकडून चालायचं. गर्दीत ते आपोआप जमतं; धोका रिकाम्या रस्त्यावर आहे. त्रागाथेतेहून सकाळी निघाले, कुणी नाही, मस्त गुणगुणत दोन किलोमीटर डावीकडून गेले आणि वळणावर लाकडं भरलेला ट्रक समोर आला. त्याने हॉर्न वाजवला नाही, फक्त हाताने उजवीकडे दाखवलं. भाड्याची सायकल घेतलीत तर पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते निघण्याआधी तपासा. आपल्या सवयीच्या उलट असू शकतो.

गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे, अंधारात दिवे आणि चमकणारं जॅकेटही. गाड्यांनी ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि बहुतेक जण ठेवतात. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, तेव्हा दुपारच्या मेनूतली वाइन जपून.

तंबू कुठेही ठोकता येतो का?

नाही. उद्यानांच्या हद्दीत तर अजिबात नाही. अधिकृत कॅम्पिंग किंवा गावातलं निवास. काही गावांत नगरपालिकेत विचारल्यावर मैदानाच्या कडेला परवानगी देतात, पण ती त्यांची मेहेरबानी, तुमचा हक्क नव्हे.

व्हिसा, सायकल नेणं, कुएंकाला पोहोचणं?

शेंगेन व्हिसा, प्रौढांना ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात. रोजचा मुक्काम दाखवावा लागतो, म्हणून निवासाची आरक्षणं आधी करा. खोक्यात सायकल भरताना पॅडल आणि हँडल काढा, टायरमधली हवा कमी करा. गॅसचं डबडं विमानात चालत नाही, तिथे विकत घ्या.

माद्रिदहून कुएंकाला जाणारी जुनी संथ रेल्वे २०२२ मध्ये बंद झाली. वेगवान गाडीत सायकल सुटी करून पिशवीतच न्यावी लागते. स्थानक गावाबाहेर पाच-सहा किलोमीटरवर आहे. सायकल तिथेच जोडा आणि चालवत या.

बाईने एकटीने जावं का?

मी गेले. या रस्त्यावर भीती माणसांची वाटली नाही, माणसं नसण्याची वाटली. तासन् तास फोनला रेंज नसते. मुक्कामाच्या मालकिणीला निघताना पुढचं गाव सांगून ठेवा. मी पोहोचले की नाही हे विचारायला एकीने खरंच पुढच्या गावच्या बारमध्ये फोन केला होता. आपत्कालीन क्रमांक ११२.

तेरुएलच्या पुढे काय?

तेरुएलचे विटांचे आणि रंगीत फरशांचे मुदेहार, म्हणजे मुस्लिम कलेच्या छापाचे, मनोरे एक दिवस बघा. ते १९८६ पासून जागतिक वारशात आहेत. मग ओहोस नेग्रोसची हिरवी वाट धरा. खाणीतलं लोखंड सागुंतोच्या बंदरात नेणारी ही जुनी रेल्वे, रूळ काढून सायकलींसाठी मोकळी केली आहे. तेरुएलहून आधी बाराशे मीटरच्या खिंडीपर्यंत चढायचं, नंतर बोगदे आणि कमानींचे पूल ओलांडत दोन दिवस उतरतच राहायचं. पाइन संपतात, बदाम लागतात, मग ऑलिव्ह, आणि शेवटी संत्र्यांच्या बागा. सागुंतोहून वालेन्सियाला उपनगरी गाडी मिळते. तिच्यात सायकल न मोडता चढते.